गोजाबाईची डबल शिफ्ट

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो : दिव्यांच्या बाबतीत मला शिकवणारा माणूस चाकणच्या पट्ट्यात अजून कामावर रुजू झालेला नाही! एकतीस वर्षं मी तिथल्या एका सायलेन्सरच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. शेडमधले सातशे दिवे माझ्या ताब्यात होते आणि त्यातला एकही माझ्या परवानगीशिवाय विझत नसे. (जे विझत, त्यांना मी नंतर परवानगी देत असे.) तेव्हा घरातल्या चार फुटी काचेच्या पेटीवर एलईडीचा दिवा बसवणं म्हणजे माझ्यासाठी काय? हत्तीपुढे एक कांदाभजी!

ही पेटी म्हणजे माझ्या लेकीचा, तनुजाचा, समुद्र. ती हिंजवडीत नोकरीला होती, तेव्हा रोज दीड तास कंपनीच्या कॅबमध्ये अडकून घरी यायची आणि चपला न काढताच या पेटीसमोर उभी राहायची. आत खारं पाणी, दोन नारिंगी मासे आणि मधोमध दगडाला चिकटलेलं एक जिवंत प्रवाळ. हिरवी-सोनेरी शंभर बोटं. उजेड मानवला की पसरणार, रुसलं की मिटून बसणार. त्याचं नाव गोजाबाई. का, ते तनुजालाच ठाऊक. पण एकदा ठेवल्यावर दुसरं कुठलं नाव त्या नखऱ्यांना शोभेना.

दोन वर्षांपूर्वी तनुजा टोरांटोला गेली. जाताना आईच्या गळ्यात पडून रडली आणि माझ्या हातात गोजाबाईच्या सूचनांचा कागद दिला. "बाबा, दिवा बारा ते सहा. एक मिनिट जास्त नाही. हिला जपा."

जपली. पण अडचण अशी, की तनुजाचा आठवड्याचा फोन यायचा एकतर सकाळी साडेसातला, तिथे रात्र पडल्यावर. नाहीतर संध्याकाळी साडेसहाला, तिच्या सकाळी. पहिला प्रश्न ठरलेला : "गोजाबाई कशीय? दाखवा ना!" आणि आमच्याकडे काळोख! जुना दिवा इतका तापायचा, की खाली पापड भाजून निघाले असते. सहा तासांच्या वर तो लावला तर माशांचं कालवण झालं असतं. मग मी फोन काळ्या पेटीपुढे धरायचा.

"झोपली होय? असू दे, झोपू दे. बाकी बरंय ना? मग ठेवू?"

अडीच मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलंय. तसं मला त्याचं काही वाटायला नको होतं. मेंटेनन्सच्या माणसाला कोणी सहज म्हणून फोन करत नाही, ही एकतीस वर्षांची सवय आहे.

तर एका सकाळी मी मंजुषाला म्हणालो, "तो दिवा आता जुना झाला. मी स्वतः एलईडी करतो. पाणी तापत नाही, वीज कमी खातो, आयुष्य जास्त."

"आणि पहाटेपासून लावता येतो," ती मेथी निवडत म्हणाली.

"तो आपला एक किरकोळ फायदा!"

छत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईपुढे तांत्रिक कारणं फार टिकत नाहीत.

सामान घ्यायला देहूरोडला रियाजच्या दुकानात गेलो. रियाज टीव्हीपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं दुरुस्त करतो आणि गल्ल्यामागे त्याचीही एक खाऱ्या पाण्याची पेटी आहे. मी कागदावर मांडलेला हिशेब दाखवला.

"काका, चाळीस एलईडी बास आहेत की. निम्मे निळे, निम्मे पांढरे. तुम्ही शहाण्णव का लिहिले?"

"चाळीस ही गरज. गुणिले दोन, सेफ्टी फॅक्टर. ऐंशी. वर सोळा स्पेअर."

"स्पेअर डब्यात ठेवायचे असतात, काका."

"डब्यातले स्पेअर वेळेवर सापडत नाहीत. आम्ही ते जागेवरच चालू ठेवतो."

रियाजने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "बरं, डिमर तरी बसवा. पहिल्या हप्त्यात थोडाच उजेड, मग हळूहळू वाढवायचा. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला जेवण करून घालतं. एकदम कडक उजेड पडला की प्रवाळ त्या शेवाळाला हाकलून देतं, पांढरंफटक होतं आणि उपाशी मरतं."

"रियाज, नवीन मशीन आलं की पहिली ट्रायल फुल लोडवर! एकतीस वर्षं हेच केलं."

"काका, हे मशीन नाही, जानवर आहे!"

मी हसून डिमर परत केला. काय सांगू तुम्हाला, तो डिमर लिंबाएवढा होता. लिंबाएवढ्या वस्तूसाठी माणूस केवढा मोठा गाढवपणा करू शकतो!

दिवा तयार झाला. देखणा, पण रेल्वेच्या रुळाखालच्या स्लीपरएवढा जड, कारण उष्णता बाहेर टाकायला मी भंगारातून आणलेली ॲल्युमिनियमची पट्टीही दुप्पट जाड घेतली होती. एवढं वजन टांगायचं कशाला? तर कपडे वाळत घालायची दांडी असते ना, दोरी ओढली की छताला जाणारी, तसलीच दुसरी कप्पी मी पेटीवर बसवली. दोन्ही दोऱ्या बाल्कनीच्या दारातल्या एकाच हुकाला. कुठली दोरी कपड्यांची आणि कुठली दिव्याची, याचा नीट आराखडा काढून मी फाइलला लावला.

मग टायमर. सकाळी सहा ते दुपारी दोन फर्स्ट शिफ्ट, दोन ते रात्री दहा सेकंड शिफ्ट. थर्ड शिफ्टला सुट्टी. मी काही जुलमी मालक नव्हे!

दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन आला. मी बटण दाबून कॅमेरा पेटीकडे वळवला. निळ्या उजेडात सगळा समुद्र झगमगत होता.

"बाबा! हे काय केलंत! कसलं भारी दिसतंय! स्वतः केलं? ते मागचं कसं जोडलंत? दाखवा ना!"

मी दाखवलं. वायर दाखवली, स्क्रू दाखवले, उरलेले स्क्रू दाखवले. बावीस मिनिटं! ती तिकडे पांघरुणात बसली होती, केस विस्कटलेले, हातात कपाच्या जागी एक भलंमोठं गाडगं, आणि हसत होती. बावीस मिनिटं मी तिला हसताना बघितलं. फोन ठेवल्यावर मी मंजुषाला म्हणालो, "दिव्याची ट्रायल यशस्वी."

तिसऱ्या दिवशी दारावर मारुतराव. आमची बिल्डिंग उभी आहे ती यांच्या हरभऱ्याच्या वावरात. त्यांचे इथे दोन फ्लॅट आहेत, पण माणूस राहतो कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, उरलेल्या चार गुंठ्यांत, कोंबड्यांबरोबर. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीखालीच त्यांचं खुराडं.

"सायेब, त्यो निळा उजेड तुमचाच न्हवं?"

मी तक्रार ऐकायच्या तयारीने छाती पुढे काढली. "हो. त्रास होत असेल तर..."

"तरास? आवो, थंडीत माज्या कोंबड्या बंदच पडत्यात. औंदा तुमच्या उजेडानं आस्सल अंडी द्याय लागल्यात! कोंबडा तेवढा येडा झालाय, दिसभर आरवतोय. त्याचं मी बगतो. तुमी उजेड काय कमी करू नगा!" आणि त्यांनी अर्धा डझन अंडी माझ्या हातावर ठेवली.

पाचव्या दिवशी डझनभर आली. सातव्या दिवशी सूचना आली : "सायेब, रात्रीचा उजेड बंद का करताय? तिसरी शिफ्टबी चालू द्या की!" सगळं उत्पादन वाढलं होतं. एक गोजाबाई सोडून.

ती पांढरी पडत होती. आधी टोकं, मग बोटं, मग सगळी शंभर बोटं भिजलेल्या शेवयांसारखी लुळी. मी म्हटलं, थंडी असेल. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. नंतर काही म्हणायचं उरलं नाही, तेव्हा फोनवर मी नुसते मासे दाखवू लागलो.

"बाबा, डावीकडे वळवा ना फोन."

"इकडे रेंज नाही!"

चार फुटांच्या पेटीत रेंज नाही, असं सांगणारा मी आमच्या रावेतमधला पहिलाच असेन. दिवा कमी करावा, हे कळत होतं. पण बारा ते सहा केला, की पुन्हा काळोख, पुन्हा "ठेवू?" मी रोज ठरवायचो, उद्यापासून करू. आणि आता रोजचाच झालेला साडेसातचा फोन वाजायचा.

नवव्या दिवशी तनुजाचा आवाज बदलला. "बाबा, आज मासे नकोत. गोजाबाई दाखवा. नीट."

मी फोन डावीकडे वळवायला लागलो, आणि त्याच क्षणी मंजुषा धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन बाल्कनीच्या दारात आली. हुकावर दोन दोऱ्या. आराखडा फाइलमध्ये. फाइल कपाटात.

तिने एक सोडली.

शहाण्णव दिवे, वर दुप्पट सेफ्टी फॅक्टरची पट्टी, असा सगळा ऐवज घळ्ळकन समुद्रात! खाऱ्या पाण्याची लाट माझ्या तोंडावर, फट्ट करून मेन स्विच खाली, फ्रीजपासून देवघरातल्या बल्बपर्यंत सगळं बंद! मंजुषा हातात रिकामी दोरी घेऊन उभी. मासे दगडाआड. आणि खालून मारुतरावांची हाक :

"सायेब! लाइट का गेली? कोंबड्या हिरमुसल्यात!"

फोन मात्र चालू होता. टोरांटोत माझी मुलगी पोट धरून हसत होती. हसू ओसरल्यावर म्हणाली, "आता खरं सांगा. पांढरी पडलीय ना?"

"पडलीय."

"दिवा किती तास होता?"

"दोन शिफ्ट."

"सोळा तास! बाबा, तिला रात्र लागते हो! मी कागदावर लिहून दिलं होतं. का केलंत असं?"

मी सेफ्टी फॅक्टर समजावायला तोंड उघडलं. पण मंजुषा दोरी गुंडाळत मागून म्हणाली, "का म्हणजे? काळोख दिसला की तू फोन ठेवतेस, म्हणून."

टोरांटोचं चित्र जागच्या जागी थिजलं. मला वाटलं, रेंज खरंच गेली.

"बाबा," ती मग हळू म्हणाली, "मी फोन केला की तुम्ही काय म्हणता माहितीय? 'बरंय. आईला देतो.' एवढंच. गोजाबाईचं विचारलं तरच तुम्ही बोलता, म्हणून मी तिचं विचारते. काळोख असला की तुम्ही गप्पच होता. मला वाटायचं, कंटाळलात. म्हणून ठेवायचे."

तोंडावरून खारं पाणी ओघळत होतं. ते पेटीतलंच होतं, हे मी इथे स्पष्ट करून ठेवतो. अशा वेळी बापाने काहीतरी बोलायला हवं, एवढं मलाही कळत होतं. मनात कितीतरी जुळवलं. तिची खोली मंजुषा रोज झाडते, हे सांगावं. हिंजवडीची कॅब अजून संध्याकाळी साडेसातला कोपऱ्यावर थांबते आणि मी अजून बाल्कनीतून बघतो, हेही सांगावं. मी घसा साफ केला आणि म्हणालो :

"बरंय. आईला देतो."

पुढचं सगळं रियाजने केलं. "मी बोललो होतो," हे तो फक्त एकदाच म्हणाला, तेही पेटीकडे बघून. तीन दिवस पेटीवर चादर, मग वाचवलेले चाळीस दिवे, लिंबाएवढा डिमर आणि बारा ते सहा. मारुतरावांची अंडी थांबली. आता ते जिन्यात भेटले की "व्हय, ठीक हाय," एवढंच म्हणतात. तनुजा मात्र रोज फोन करायची. काळोख्या पेटीपुढे बसून मी तिला सांगायचो : आज एक बोट हललं. आज काही नाही. आज दगडाच्या मागच्या अंगाला कोथिंबिरीच्या पानाएवढं हिरवं दिसतंय. अर्धा-अर्धा तास!

दीड महिन्याने गोजाबाई पुन्हा पसरली. पहिल्याइतकी नाही, पण नखरे सगळे परत आले. तनुजा आनंदाने ओरडलीच. आणि मग, सगळं सुरळीत झाल्यावर, फोन पुन्हा आठवड्यावर गेला. तिलाही तिची कामं आहेत. मी काही म्हणत नाही.

आज सकाळी फक्त मी तिला कळवलं, की पेटीच्या पंपाचा आवाज जरा वेगळा येतोय. लगेच तिने विचारलं, "काय झालं? संध्याकाळी फोन करते, थांबा!"

साडेसहाला अजून दहा मिनिटं आहेत. पंप मी टेबलावर उघडून ठेवलाय. तो ठणठणीत आहे. म्हणजे, उघडेपर्यंत होता.