इवाई, खडू आणि चाकांवरचं घर

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी आमच्या इवायानं माझ्याच अंगणात खडूनं एक घर काढून मला दिवसभर त्यात कोंडून ठेवलं. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, नुसत्या पांढऱ्या रेघा. तरी मी बाहेर पडू शकलो नाही. का नाही, ते सांगतो.

इवाई म्हणजे व्याही. माझ्या सुनेचे, वंदनाचे वडील. नाव तुळशीराम. जवाहरनगरच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी माल तपासला. कोणता माल, ते विचारू नका. मी विचारून पाहिलं होतं. "सरकारी गोष्ट आहे, इवाई," एवढं म्हणाले आणि सुपारी कातरत बसले. बायकोलाही कधी सांगितलं नाही. नवरा कारखान्यात काय तपासतो हे त्या माउलीला शेवटपर्यंत कळलं नाही. घरी आल्यावर तो भाजी तपासतो, एवढं मात्र चांगलं माहीत होतं.

नोकरी संपली, पण सदऱ्याच्या खिशातला खडू गेला नाही. जे मनास आलं नाही त्याच्यावर फुली. साकोलीच्या बाजारात त्यांनी एका बाईच्या ढिगातल्या सात वांग्यांवर फुल्या मारल्या, तेव्हा ती तराजू घेऊन मागं धावली होती. वंदनाचं लग्न ठरवायला पहिल्यांदा आमच्या एकोडीच्या घरी आले, तेव्हा माझ्या खाटेच्या पायावर फुली, विहिरीच्या गडगडीवर फुली, आणि जाता जाता माझ्या बैलाच्या शिंगावर फुली.

"बैलावर कायले?" मी विचारलं.

"डावा पाय उचलून टाकते."

पंधरा दिवसांनी बैल खरंच लंगडला. तेव्हापासून माझा त्यांच्यावर राग आहे.

माझ्या पोराला मात्र त्यांनी तीनदा उठवलं, तीनदा बसवलं, आणि म्हणाले, "चालन." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नव्हतं. 'पास' तर कधीच नाही. आणि कुणी लवकर आटपा म्हटलं की ठरलेलं उत्तर, "घाई नाही जी, माल कुठी पळून राहिला?"

आता माझी गोष्ट. पोरानं नवं स्लॅबचं घर बांधलं आणि संडास काढला स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. पाहुणे जेवत होते, मी वाढलेल्या ताटावर बसलो होतो, आणि तिथंच बोललो, "चुल्ही आन् संडास एका भिंतीले असन, त्या घरात मी राहणार नाही." बोललो ते बोललो. आमच्या घराण्यात शब्द मागं घ्यायची पद्धत नाही. माझ्या बापानं एकदा रागात चपला सोडल्या, त्या मरेपर्यंत घातल्या नाहीत. कारण कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं, बापाच्याही नाही.

पण जायचं कुठं? तूर्त ओट्यावर झोपत होतो. तेवढ्यात कळलं की भंडाऱ्याला एका तरुण माणसानं चाकांवरचं घर आणलेलं आहे. मोटारीच्या मागं अडकवून ओढायचं. आत पलंग, शेगडी, सगळं. पर्यटकांना तलावाकाठी ठेवीन म्हणून त्यानं घेतलं होतं. पर्यटक आले आणि लॉजमध्ये उतरले. आता ते घर एका राईस मिलच्या मागं उभं होतं आणि तो गिऱ्हाईक शोधत होता. मी म्हटलं, घेतो. माझ्या शेतात बोडी आहे, म्हणजे लहान तळं. तिच्या पाळीवर, बांधावर लावतो आणि राहतो एकटा.

वंदना मला काही बोलली नाही. भाताच्या तणशीच्या ढिगामागं जाऊन तिनं बापाला फोन लावला. मी ढिगाच्या अलीकडं होतो.

"बाबा, या आन् त्या गाडीवर फुली मारून जा. आमचे मामाजी शब्द नाही फिरवत, या वयात पाळीवर एकटे मरतीन. पण तुमी नापास केली तं त्याइले राहता येते घरी. मान बी राहते."

मामाजी म्हणजे मी, तिचा सासरा. मला फार राग आला. आणि खरं सांगायचं तर जीवही भांड्यात पडला. पाळीवर रात्री साप निघतात, ते मला वंदनापेक्षा जास्त माहीत आहे.

इवाई दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीनं आले. हातात स्वतःचा डबा, खांद्याला स्वतःची पाण्याची बाटली. लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही आणि तिथं रात्र काढायची नाही, ही त्यांच्या घराण्याची जुनी रीत. बाकीच्यांनी कधीच सोडली. त्यांचा सख्खा भाऊ लेकीकडं महिना महिना राहतो आणि वर बासुंदी मागतो. यांचं मात्र नऊ वर्षं तेच. माझ्या ओट्यावर बसून डबा खातात, आणि वंदना दारात उभी राहून बाप कोरडी पोळी कशी चावतो ते पाहते.

गाडीचा नकाशा पोराच्या मोबाइलवर आला होता. इवायानं तो डोळ्याजवळ धरला, लांब धरला, मग टेप काढला आणि अंगणात रेघा मारायला बसले. सोळा फूट लांब, सात फूट रुंद.

"हे दार. हे दोन पलंग. हा मेज, जेवण झालं का मोडून ठेवाचा. ही शेगडी. आन् हे..." त्यांनी एक चौकोन काढला आणि माझ्याकडं पाहिलं.

"हे काय?"

"संडास."

"शेगडीपासून किती दूर?"

"दोन वीत." टेप गुंडाळत ते म्हणाले, "इवाई, घरचा संडास भिंतीपलीकडं आहे, तं तुमी घर सोडून राहिले. इथी तं बसल्या बसल्या पोळी उलटवता येते."

"गाडीची गोष्ट अलग आहे," मी म्हणालो. कशी अलग, ते मला आजही सांगता येत नाही.

"मंग बसा आत. सांजवरी. नकाशा पाहून कळत नाही, राहून कळते. भिंत ओलांडाची नाही."

आता माझ्यासारखा माणूस नाही म्हणेल का? बसलो.

वंदना चहा घेऊन आली, ती सरळ माझ्याकडं.

"वंदे!" इवाई ओरडले. "भिंतीतून येऊन राहिली का तू? मागं जा. दारातून ये. डोकं खाली, दार ठेंगणं आहे."

ती मागं गेली, फिरून दारातून आली, डोकंही वाकवलं. कप मला दिला आणि पदर तोंडाशी धरून पुन्हा वाकून बाहेर गेली. मागोमाग एक कोंबडी भिंतीतून आत आली. मी बोट दाखवलं.

"तिथी खिडकी आहे," इवाई म्हणाले.

दुपारी मी खडूच्या पलंगावर आडवा झालो तर पाय भिंतीबाहेर गेले. इवायानं वहीत लिहून घेतलं. शेजारपाजारचे येऊन उभे राहिले. कुणी म्हणे म्हातारा कुणाशी शर्यत लावून बसला आहे, कुणी म्हणे पूजा आहे, उठवू नका. चारच्या सुमाराला मी लघवीला उठलो.

"कुठी चालले?"

"येतो जाऊन."

"आतमधी आहे ना."

"एवढ्या लोकाईसमोर?"

"लोकाईले भिंत दिसून राहिली, इवाई. भिवू नका."

मी बसून राहिलो. सांज झाली तेव्हा माझी कंबर लाकूड झाली होती आणि डोळ्यांपुढं एकच गोष्ट होती, ती काय ते लिहीत नाही. "कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"ऐसपैस आहे," मी म्हणालो आणि पळत विहिरीमागं गेलो.

पण त्या दिवसात मला जे कळायचं ते कळलं होतं. त्या रेघांमध्ये मी राहू शकत नव्हतो, आणि शब्दही फिरवू शकत नव्हतो. आता सगळा भरवसा इवायाच्या फुलीवर. ज्या माणसानं देवळाच्या नव्या कळसावर फुली मारायला शिडी मागितली होती, तो जुन्या गाडीला काय सोडणार?

तीन दिवसांनी आम्ही भंडाऱ्याला गेलो. मी एकोडीहून, ते जवाहरनगरहून. राईस मिलमागं पांढरी गाडी उभी होती, एका बाजूनं कोंड्यानं पिवळी झालेली. मालक काळा चष्मा लावून आला.

"काका, एकदम कंडिशनमध्ये आहे."

"घाई नाही जी," इवाई म्हणाले. "माल कुठी पळून राहिला?"

पहिले ते पोत्याचा बोरा टाकून गाडीखाली शिरले. अर्धा तास नुसत्या चपला दिसत होत्या. मग टायरच्या चिरांमध्ये नख घालून पाहिलं. ओढायच्या हुकाला दोन्ही हातांनी हिसके दिले. आत जाऊन भिंती बोटानं वाजवत फिरले, कान लावून, जसं टरबूज पाहतात. कपाटात डोकं घालून वास घेतला. जमिनीवर गोटी सोडली आणि ती कुठं जाते ते ओणवून पाहिलं. मग मालकाला छतावर चढवून चार बादल्या पाणी ओतायला लावलं, आणि आम्ही दोघं आत बसून छताकडं पाहत राहिलो. मी मनात म्हणत होतो, एक थेंब पडू दे. एकच.

थेंब पडला नाही.

"छत पास," इवाई म्हणाले.

मी पुन्हा छताकडं पाहिलं, एखादा थेंब उरला असेल म्हणून.

"भिंती पास. हूक पास."

"टायराले चिरा आहेत ना?" मी म्हणालो.

"टायर बदलता येते."

"पलंग आखूड आहे. तुमीच लिहून घेतलं."

"पाय दुमडून झोपा."

असलं बोलणं या माणसाच्या तोंडी? बैलाला न सोडणारा माणूस! मी उठलो आणि मागच्या पलंगाकडं गेलो. कोपऱ्यात पाय ठेवला आणि टाच खाली गेली. फळी भिजून कुजलेली होती, भाकरीसारखी मऊ. तिच्यावर इवायाच्या चपलेचा ताजा ठसा होता. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. पाहून, काही न बोलता पुढं गेले होते.

"इवाई, इथी दबते."

"दबते थोडी."

"मंग मारा फुली."

त्यांचा हात खिशात गेला. खडू काढला, बोटांत फिरवला आणि परत ठेवला. मग त्या पलंगावर बसले. 

"घरी तपासाले काही उरलं नाही, इवाई," ते म्हणाले. "वंदनाची माय गेली त्याले दोन वर्षं झाली. सारं घर दोनदा तपासून झालं. काल तिचे चमचे तपासले."

मी दबलेल्या फळीवरून पाय उचलला.

"बाप लेकीच्या घरी राहत नाही. माझा बाप नाही राहिला, मी बी नाही राहणार. पण मी विचार केला, हे घर नाही होत ना? याले चाकं आहेत. पाळ तुमची, गाडी तुमची. इवायाच्या गाडीत इवाई राहिला तं कोणती रीत मोडते? वंदना पाळीवर वांगे तोडाले येते ना रोज?"

"येते."

"पलंग दोन आहेत," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मी म्हणणार होतो, की चला आमच्या घरी, सोडा रीत. म्हटलं नाही. तो माणूस माझ्यापेक्षा हट्टी आहे, आणि असं मी दुसऱ्या कुणाबद्दल म्हणत नाही. वंदनानं बापाला फुली मारायला बोलावलं होतं, आणि बाप लेकीजवळ यायला कुजकी फळी पास करत होता. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

"खिडकीकडचा पलंग माझा," मी म्हणालो.

"तो आखूड आहे."

"मी पाय दुमडीन. आन् तो संडास बंद. त्यात मी मासे धराचे जाळे ठेवीन. रांधाचं कोण?"

"मी. तुमी मीठ जास्त टाकता."

मालकाला बाहेर जाऊन सांगितलं, गाडी घेतली.

सांजच्याला घरी आलो. वंदना दारातच उभी होती.

"फुली मारली ना बाबानं?"

"पास केली."

"बाबानं?"

"हव. फळी कुजकी होती, मीच म्हटलं चालन. माझा शब्द आहे."

तिनं माझं ताट जरा आपटूनच ठेवलं. भात थंड होता. मी खाल्ला. तिच्या बापाचं काही सांगितलं नाही, त्यानं सांगायचं तर तो सांगेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुऱ्हाड घेऊन बोडीच्या पाळीवर गेलो आणि बेशरमाची झुडपं तोडायला लागलो. गाडीचं दार एकाच बाजूला आहे. हूक रस्त्याकडं ठेवला असता तर काम अर्ध्यात झालं असतं, पण मग दार रानाकडं उघडलं असतं. मी ती उलटी लावायची ठरवली आणि दुपारपर्यंत दुप्पट झुडपं तोडली. तशी लावली की दारातून आमचं अंगण दिसतं, विहीर दिसते, वंदना धुणं वाळत घालते ती तार दिसते. पोरगा विचारायला आला, बाबा, उलटी कायले लावता? मी म्हटलं, वारा तिकडून येते.