उत्तीर्ण पाण्यातले आजोबा

समुद्र फार मोठा आहे, ही गोष्ट एकदा नीट पटली की माणसाच्या बऱ्याचशा काळज्या आपोआप मिटतात. समुद्रातल्या तेलविहिरीवर ती सगळ्यांना पटलेली होती. तळातून तेल येतं, तेलाबरोबर काळपट, उग्र वासाचं पाणी येतं. तेल आपण ठेवून घेतो आणि पाणी समुद्राला परत करतो. (दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ बरा नव्हे.)

परत करण्यापूर्वी पाण्याची परीक्षा घ्यावी, असा नियम आहे. नमुन्याच्या टाकीत मासे सोडायचे. चार दिवसांनी निम्मे जिवंत असले की पाणी उत्तीर्ण. हे काम तपासनीसाकडे होतं. नवे मासे मागवायला मंजुरी लागते आणि मंजुरीला वेळ लागतो, म्हणून वाचलेले मासेच पुढच्या परीक्षेला बसवायची पद्धत पडली. हळूहळू कच्चे उमेदवार गळाले आणि एकच मासा उरला. एकाचे निम्मे करता येत नसल्यामुळे तो जगला की निकाल थेट शंभर टक्के लागे. मासे जसजसे घटले तसतसं पाणी सुधारलं, असा देखणा आलेख साहेबांच्या खोलीत लावलेला होता.

तपासनीस त्या माशाला आजोबा म्हणे. आजोबांचा एक डोळा पांढरा झाला होता, शेपटी झिजली होती आणि ते जरा तिरके पोहत. तपासनीस दिसला की मात्र काचेशी येऊन थांबत. घरी फोन केला की तो आधी त्यांचीच खुशाली सांगे.

"अधूनमधून माझीही विचारत जा," बायको म्हणे.

शेवटी त्याला राहवेना. तो साहेबांकडे गेला.

"साहेब, आजोबांना आता सुट्टी द्या. थकलेत हो ते."

"थकलेत म्हणजे जिवंत आहेत ना?" साहेब सही करता करता म्हणाले. "मग झालं तर."

तो आजोबांना बादलीत घेऊन कठड्यापाशी गेला. खाली उत्तीर्ण पाणी धो धो समुद्रात पडत होतं. ते पाहून त्याने बादली परत आणली. मग बोटवाल्याच्या हातापाया पडून लांबच्या समुद्रातलं नितळ पाणी पिंपभर मागवलं आणि आजोबांना त्यात सोडलं. आजोबा पहिल्यांदाच सरळ पोहले. सकाळी पाहिलं तर ते गेलेले होते. तपासनीस पिंपाशी बसून पोटभर रडला. (याची कुठे नोंद नाही.)

चौकशी समिती नेमली गेली. विहिरीच्या पाण्यात वर्षानुवर्षे तग धरलेला मासा स्वच्छ पाण्यात एका रात्रीत दगावला. सबब स्वच्छ पाणी सागरी जीवांना घातक आहे, असा निष्कर्ष एकमताने निघाला.

परीक्षेला मात्र कोणीतरी बसायलाच हवं, आणि नव्या माशांची मंजुरी अजून यायची आहे. तेव्हा समितीने असं ठरवलं, की या समुद्रातले मासे किंवा निदान मीठ जे खातात, त्यांनाच उमेदवार धरावं. त्यांच्यापुढे एखादा साधासा मजकूर ठेवावा आणि निम्मे जण शेवटच्या ओळीपर्यंत जिवंत पोहोचले, तर पाणी उत्तीर्ण समजावं. मजकूर लिहिण्याचं काम तपासनीसाकडेच आलं.

ही ती शेवटची ओळ. अभिनंदन, पुढच्या परीक्षेलाही आपल्यालाच बसवण्यात येईल.