बुळबुळीचा वैरी

दिघेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी पाण्याच्या पिंपाच्या तोटीत करंगळी घालत. मग ती अंगठ्यावर चोळून, डोळे मिटून निकाल देत, "बुळबुळ." चहाचं आधण ठेवायला निघालेली यजमानीण तिथेच थांबायची.

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत काका आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. एका डेअरीच्या लॅबमध्ये त्यांची सारी नोकरी झाली. दुधाच्या स्टीलच्या नळ्या आतून स्वच्छ आहेत की नाहीत, हे कापसाच्या बोळ्याने पुसून तपासायचं, हे त्यांचं काम. डेअरीतून संध्याकाळी घरी आले की चाळीची पाळी. निवृत्तीनंतर तर आमच्यासाठी ते पूर्णवेळ मोकळे झाले.

"स्टील चकचकीत दिसतं ते वरवर," काका सांगायचे. "जवळून बघ, ओरखडेच ओरखडे. एखादा जंतू पाण्यातून वाहत येतो, ओरखड्यात टेकतो. नुसता टेकलाय तोवर पाण्याने जाईल. पण एकदा चिकटला की अंगातून चिकट रस सोडतो, डोक्यावर छप्पर घालतो, भाऊबंद गोळा करतो. मग ओता वरून औषध. छपराखाली सगळे मजेत. आपल्या चाळीसारखंच." यावर त्यांचा उपाय एकच होता. "नुसतं भिजवू नका. घासा."

आम्ही घासायचो. लहानपणी बाटलीच्या ब्रशने तोटी घासल्याशिवाय मी शाळेत गेलेलो नाही. "या माणसापायी माझी तोटी झिजली," असं आई कुरकुरायची, पण पावसाळ्यात आमच्या मजल्यावर कुणाचं पोट बिघडत नाही, हेही तीच बाहेर सांगायची. फक्त तळमजल्यावरच्या फ्लोरी आंटीने त्यांना एकदा ऐकवलं होतं, "दिघे, तुमी पाणी प्यायला येता की माझी परीक्षा घ्यायला?" तेव्हापासून दोघांत अबोला. काकू होत्या तोवर त्या वरखाली करून दोघांची समजूत काढत. काकू गेल्यावर तेही थांबलं.

मागच्या वर्षी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलगी त्यांना आठवडाभर माटुंग्याला घेऊन गेली आणि किल्ली माझ्याकडे आली. म्हटलं, काका येतील तेव्हा घर लख्ख हवं. पिंप घासलं, तोटी घासली. फ्रिजमध्ये एक छोटं स्टीलचं पातेलं सापडलं. तळाला पांढरा लपका, कडांना वाळलेले थर, बोट फिरवलं तर चक्क बुळबुळीत. काकांच्या घरात हे बघून मला, खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. उकळतं पाणी ओतलं आणि त्यात तोंड दिसेपर्यंत ते घासलं.

काका काळा चष्मा लावून परतले. फ्रिज उघडला, पातेलं घेतलं, आतून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले.

"छान घासलंयस," म्हणाले आणि खाटेवर बसले.

पातेलं मांडीवर ठेवून म्हणाले, "हिचं विरजण होतं रे त्यात. जायच्या आदल्या दिवशी तिने लावलं होतं. मी रोज त्याच भांड्यात दूध घालतो, दही लागतं, खातो, तळाला थोडं ठेवतो. सात वर्षं धुतलं नाही ते. तुझी चूक नाही. घासायला मीच शिकवलं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली. मग आठवलं, काकू अख्ख्या चाळीला विरजण द्यायच्या. एखाद्या घरी तरी ते टिकलं असेल म्हणून मी दारोदार फिरलो. सुरुवात आमच्याच घरापासून केली. आईने नुसता फ्रिज उघडून दाखवला. विकतच्या दह्याचा प्लास्टिकचा डबा. वरच्या दोन मजल्यांवर सगळीकडे तसेच डबे.

उरली फ्लोरी आंटी. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या काकूचं ना? माझ्याकडे हाय की. मी कधी तुटू दिलं नाय. वसईला बहिणीकडे राहायला जाते तरी डब्यातून संगती नेते." पदराने हात पुसत ती वाटी काढायला गेली. "पण त्याला सांग, भांडी मी माझ्या पद्धतीने धुते."

सांगायला ती स्वतःच गुडघे धरत जिना चढली. काकांनी उठून वाटी दोन्ही हातांत घेतली. "बसा ना," म्हणाले. आंटी बसली. दूध कोमट होईपर्यंत दोघं काकूंबद्दल बोलत होती आणि मी दारात उभा राहून ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला हाक मारली. पातेलं हळूच कलतं केलं. दही हललं नाही.

"लागलं," ते म्हणाले. मग त्यांनी वाट्या मांडल्या. "एकाच घरात ठेवायला नको होतं," म्हणाले आणि ताट घेऊन बाहेर पडले. जन्मभर 'ही' आणि 'हिचं' यापुढे न गेलेला हा माणूस प्रत्येक दारात वाटी देताना म्हणत होता, "मालतीचं आहे. रोज लावा. संपवू नका."

काकूंचं नाव मालती होतं, हे निम्म्या चाळीला त्या सकाळी कळलं.