जपानी गावात वडगावचा आहेर

सुबराव आणि त्यांचा मुलगा मंथन यांचा फोन कधी लांबत नसे. मंथन बंगळूरला कंपनीत कामाला. रविवारी सकाळी त्याचा फोन आला की सुबराव वडगावातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीतला साड्यांचा, विजेवरचा माग थांबवायचे, फोन कानाला लावायचे आणि विचारायचे, "बरा हाईस न्हवं?" तो म्हणायचा, "व्हय आप्पा." मग दोघंही गप्प. "तिकडं पाऊस?" "न्हाय." "बरं, आईला देतो," म्हणून सुबराव मोकळे व्हायचे आणि माग पुन्हा खडखडायला लागायचा. बापलेकात अढी नव्हती, भांडण नव्हतं. बोलायला काही सापडतच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर सुबरावांना याचं लई वाईट वाटायचं. शेजारचा नागोजी आपल्या पोराशी फोनवर खिदळताना भिंतीपलीकडून ऐकू आला की त्या दिवशी त्यांचा घास गोड लागत नसे.

एका रविवारी असेच दोघं गप्प असताना सुबरावांची नजर टीव्हीखाली ठेवलेल्या काळ्या पेटीवर गेली. मंथनचं गेम खेळायचं यंत्र ते. बंगळूरच्या नव्या खोलीत तिघं राहतात, जागा नाही म्हणून तो उगादीला, म्हणजे पाडव्याला, ते घरी आणून ठेवून गेला होता. त्याच्या आईने, चंपाबाईंनी, त्याच्यावर क्रोशाचा रुमालही घातला होता.

"तुझं ते जपानी यंत्र हितंच हाय की रं. त्यातल्या खेळात एवढं असतंय तरी काय?"

सुबरावांनी विचारायचं म्हणून विचारलं आणि पलीकडे धरणाचं दारच उघडलं. मंथन बोलायला लागला तो थांबेचना. एक पोरगा असतो, खेड्यातला. राज्यावर संकट येतं. तो बाहेर पडतो, राक्षसांशी लढतो, दोस्त मिळवतो, हत्यारं मिळवतो. संगीत तर असलं की अंगावर काटा येतो. "जगात गाजलाय आप्पा त्यो गेम. असला दुसरा झाला न्हाय म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?"

"सगळेच!"

"साड्या पण अशा लई गाजत्यात बाबा. पहिल्या धुण्यात कळतंय रंग पक्का का कच्चा."

"मग खेळूनच बघा की! मी दसऱ्याला येतोय. आलो की सांगा, एवढा गवगवा करण्यासारखा हाय का न्हाय. फकस्त एक ध्यानात ठेवा आप्पा, माझं जे—"

एवढ्यात चंपाबाईंनी फोन ओढून घेतला. "सगळं तुम्हीच बोलणार व्हय? माझं पण पोरगं हाय ते!" सूचना राहिली ती राहिलीच. सुबरावांच्या ते लक्षातही आलं नाही. पोरगा आपल्याशी इतकं बोलला, याच आनंदात ते दिवसभर होते. दसऱ्याला हा खेळ खेळून तयार राहायचं आणि पोराशी पोटभर बोलायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

दुपारी जेवणं झाली की माग बंद असतात. त्या वेळात नवरा-बायको टीव्हीपुढे बसले. आवाज जपानी, अक्षरं इंग्रजी. घरात मराठी, बाजारात कन्नड, वेळ पडली तर हिंदी, एवढ्या भाषा येणाऱ्या चंपाबाईंना इथे एकीचाही उपयोग होईना. पण पडद्यावर दोन ओळी आल्या, त्यातली खालची त्यांनी झटकन वाचली. पोराच्या डिग्रीच्या सर्टिफिकेटावर रोज पुसताना बघितलेली ती अक्षरं होती.

"अवो, मंथन लिहिलंय हितं! त्यालाच घ्या."

"आणि वरचं?"

"असंल कोण तरी. आपला मंथन असताना दुसऱ्याचं पोर कशाला घ्यायचं?"

बिनतोड मुद्दा होता. सुबरावांनी मंथनला घेतला.

खेळातला मंथन एका काळ्याकभिन्न किल्ल्याच्या दाराशी उभा होता. आभाळात विजा, दंडावर जखम, हातात लखलखती तलवार. आत खेळातला शेवटचा राक्षस बसलेला. हे सगळं, आणि वरची ओळ नव्या खेळाची होती व हा मंथनने जपून ठेवलेला डाव होता हेही, या दोघांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. चंपाबाईंना एवढंच दिसलं की पोरगा जखमी आहे आणि उघड्यावर उभा आहे.

"कुणी सांगितलंय तिथं जायाला? फिरवा मागं. घरी न्या त्याला!"

"अगं, घर कुठं हाय त्याचं?"

"खेड्यातला हाय म्हणालता न्हवं? मग सापडंल की."

घर सापडायला बरेच दिवस गेले. सुबरावांची बोटं तुटलेला धागा डोळे मिटून गाठायची, पण या बटणांपुढे त्यांची भंबेरी उडायची. मंथन कधी झाडावर आदळे, कधी ओढ्यात पडे. राक्षस दिसला की चंपाबाई ओरडायच्या, "पळा पळा!" आणि सुबराव पळवायचे. शेवटी एका दुपारी डोंगराच्या कुशीत कौलारू घरांचं लहानसं गाव दिसलं. एका दारात कमरेला फडकं बांधलेली बाई भांड्यात काहीतरी ढवळत होती. मंथनला बघून ती हातातलं टाकून धावत आली. चंपाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "आईच हाय वो. मला इंग्रजी कशाला यायला पायजे?"

इथवर सगळं ठीक होतं. पुढे जे झालं ते वडगावातच होऊ शकतं. पोरगं परगावाहून घरी आलं की गल्लीतल्या घराघरात काही ना काही गेलंच पाहिजे, ही इथली रीत. मंथनसुद्धा बंगळूरहून येताना पिशवी भरून आणतो आणि चंपाबाई ती नागोजीच्या घरापासून पार कोपऱ्यापर्यंत वाटतात. आता हाही मंथनच. तो गावात रिकाम्या हाताने फिरला तर लोक काय म्हणतील? आणि त्या खेळात कुणालाही काहीही देता येत होतं. जपान्यांनी ही सोय कशाला ठेवली, देव जाणे.

"त्या दाढीवाल्या म्हाताऱ्याला काय द्यायचं?" सुबरावांनी विचारलं. "गावचा पाटील दिसतोय."

"मोठा माणूस हाय. ती तलवार द्या, चांगली दिसतीया."

तलवार पाटलाला गेली. ढाल सुताराला, चिलखत विहिरीवरच्या बाईच्या नवऱ्याला. औषधाच्या बाटल्या एका खोकणाऱ्या आजीला. सात रंगांचा खडा एका शेंबड्या पोरीला, "खेळंल बिचारी" म्हणून. प्रत्येक जण वाकून आभार मानत होता आणि चंपाबाई टीव्हीसमोर बसून "असू द्या, असू द्या" म्हणत होत्या. पिशवी रिकामी झाली. कोपऱ्यात एक छोटी खूण फिरली आणि खेळ आपोआप जपून ठेवला गेला, म्हणजे आता वाटलं ते वाटलंच.

दुसऱ्या दिवशी हिंडलग्याहून त्यांची लेक मंजुश्री आली. सणाची साफसफाई करू लागायला आलेली. ती शाळेत इंग्रजी शिकवते, आणि धाकट्या भावाने याच गेमवरून वर्षभर तिचं डोकं खाल्लेलं. टीव्हीकडे बघून ती हातातल्या झाडूसकट खाली बसली.

"आप्पा, तलवार कुठं हाय?"

"पाटलाला दिली की."

"दिली? ही मिळवायला मंथननं वर्ष घालवलंय! शेवटच्या लढाईसाठी सगळं जमवून ठेवलंतं त्यानं. दसऱ्याला येऊन खेळणार म्हणून!"

सुबरावांनी बटणं पुन्हा हातात घेतली. "मग परत मागू या की."

"वाटलेलं परत मागायचं?" चंपाबाई कडाडल्या. "लाज न्हाय वाटत? तोंड काय दाखवायचं गावात?"

"आई, ते गाव खोटं हाय!"

"माणसं हाईत न्हवं त्यात?"

तरी सुबराव गुपचूप पाटलाकडे जाऊन आले. पाटील फक्त वाकून आभार मानत राहिला. मग त्यांनी ठरवलं, दुसरी तलवार कमवायची. गावाबाहेर पडले तर बेडकासारख्या एका प्राण्याने रिकाम्या हाताच्या मंथनला दोन टप्प्यांत लोळवला. पुन्हा गेले, पुन्हा लोळवला. आता ते मागावर उभे असतानाही मनाने त्या बेडकाशीच झुंजत होते. धोट्यातली आडव्या धाग्याची कांडी संपली तरी माग चालूच राहिला. चंपाबाई धावत आल्या तेव्हा साडीच्या मधोमध हातभर नुसता ताणा, उभे धागे तेवढे, लोंबत होता.

"लेकाशी बोलायला म्हणून सुरू केलं गं हे," ते डोकं धरून म्हणाले. "आता जे काय बोलत होता, ते पण बंद व्हणार."

चंपाबाईंना नवऱ्याची दया आली आणि निदान एक दिवस तरी टळावा म्हणून त्यांनी युक्ती काढली. मंथन खंडेनवमीच्या सकाळी बंगळूरच्या बसमधून उतरून घरी पोचला, तेव्हा पुढच्या खोलीत माग, धोटे, पाना, कात्री यांची पूजा मांडलेली होती. त्या सगळ्यांच्या मधे ती काळी पेटी. तिला हळदीकुंकू, झेंडूचा हार, पुढ्यात पेढा.

"आई, ह्याची पण पूजा?"

"तुझं हत्यारच न्हवं ते? आज हात लावायचा न्हाय हं. आज हत्यारं विश्रांती घेत्यात."

मंथन हसला. बरंच वाटलं त्याला, तेही दिसत होतं. सुबराव मात्र तोंड लपवून दिवसभर गल्लीत फिरत राहिले.

पण दसरा उजाडायचा राहतो थोडाच? दुपारी पुरणपोळीचं जेवण झालं. मंथनने हार बाजूला केला, फुंकर मारून कुंकू उडवलं आणि टीव्ही लावला. चंपाबाई दारात, सुबराव खुर्चीच्या टोकावर. पडद्यावर मंथन घराच्या अंगणात उभा होता.

"हे कुठलं गाव?"

मंथनने पिशवी उघडली. आत एक बटाटा होता.

"आप्पा," तो सावकाश म्हणाला, "माझी तलवार?"

"मी वाटली," सुबराव म्हणाले. आवाज खोल गेला होता. "तलवार, ढाल, सगळंच. परगावाहून आलतास. रिकाम्या हातानं कसा फिरणार गावात? चुकलं माझं. तुझी मेहनत वाया घालवली. काय बोलायचं ते बोल."

मंथन पडद्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. सुबराव घाबरून उठले, तर पोरगा हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे त्या खेळातल्या पोराचंच गाव हाय आप्पा. मी वळखलंच न्हाय. पहिल्या दिवशी ह्यातनं बाहेर पडलो, ते परत गेलोच न्हाय कधी."

"मग आईला भेटला न्हाईस?" चंपाबाईंनी विचारलं.

"सुचलंच न्हाय गं."

मग मंथननेच विचारलं, "सांगा आता आप्पा. जग एवढं डोक्यावर घेतंय ह्या गेमला. तेवढ्या लायकीचा हाय का?"

सुबरावांना खरं तर 'लई भारी हाय' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण विणकराला खोटं कापड खरं म्हणवत नाही.

"न्हाय," ते म्हणाले. "चित्रं सुंदर हाईत. पण एवढं राज्य संकटात, आणि लढाय एकटं पोरगं? राजा काय करायलाय? आणि त्यो पाटील! अख्खी तलवार दिली, तर बस म्हणाला न्हाय, पाणी इचारलं न्हाय. कसलं गाव म्हणायचं ते?"

"एकटं कुठं? दोस्त हाईत की त्याचे!"

"मला तर एक दिसला न्हाय."

"किल्ल्यापर्यंत येत्यात आणि मरत्यात आप्पा! त्यातला एक गेला तवा मी रडलोय!"

"गेममधलं माणूस मेलं म्हणून रडलास?"

"व्हय, रडलो! पहिल्या वर्षी बंगळूरात कोण होतं मला? ऑफिसातनं खोलीवर आलो की हेच दोस्त होते!"

"मग बापाला फोन करायचास!"

"करत होतो की! तुम्ही म्हणायचा, आईला देतो!"

सुबराव एकदम ओरडले, "मला बोलायला येत न्हाय रं! आता शिकलोय न्हवं? बेडकानं कितीदा मारलंय मला, ठाऊक हाय?"

"बेडकानं? त्याला तर शेंबडं पोर पण मारतंय!"

"रिकाम्या हातानं मारून दाखव की!"

"दाखवतो! आणि गेम चांगलाच हाय!"

"मुळीच न्हाय! पाटलाचं ते चुकलंच हाय!"

एरवी मागांच्या खडखडाटात या घरातलं बोलणं शेजाऱ्यालाही कळत नाही. आज सण, गल्लीतले सगळे माग बंद. बापलेकांचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत गेला. सोनं वाटायला निघालेले नागोजी आणि त्यांची बायको जयाबाई दारातच थबकले. दोघांच्या हातात आपट्याची पानं तशीच राहिली.

"काय झालं वो चंपाक्का?" जयाबाईंनी हळूच विचारलं. "दसऱ्याच्या दिवशी बापलेक भांडायलेत?"

आतून सुबरावांचा आवाज आला, "अरं डावीकडं घे, डावीकडं!" आणि पाठोपाठ मंथनचा, "मला शिकवू नका आप्पा!"

चंपाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि सोन्यासाठी हात पुढे केला.

"भांडत न्हाईत वो," त्या म्हणाल्या. "बोलाय लागलेत. बसा तुम्ही, येळ लागंल."