तोफेला आलेली अनुभूती

"एकवीस दिवस द्या मला. बाविसाव्या दिवशी मी इतकी शांत झालेली असेन, की मी घरात आहे की नाही हेसुद्धा तुम्हाला कळणार नाही."

वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या लेकीने जेवताना हे जाहीर केलं, तेव्हा आई आणि बाबांनी नुसत्या माना हलवल्या. तिच्यासमोर बोलायची सोयच नसायची. घरात तिला तोफ म्हणत. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच तिचं उत्तर सुटलेलं असायचं. डॉक्टरांनी कुठे दुखतंय विचारायच्या आत ती निदान आणि औषध दोन्ही सांगून मोकळी व्हायची.

घरच्यांना सवय होती, पण कॉलेजात यामुळे पंचाईत झाली होती. तिथे लुटुपुटूच्या खटल्यांच्या स्पर्धा भरत, आणि तोफ त्यात दोनदा हरली होती, दोन्ही वेळा न्यायाधीशांना मध्येच तोडल्यामुळे. दुसऱ्या वेळी तर न्यायाधीश तिला प्रश्नही विचारत नव्हते. ती खिडकी जरा लावून घ्या, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. "ती खिडकी" एवढं ऐकताच तोफेने खासगीपणाच्या हक्कावरचे तीन निवाडे सांगून टाकले. त्यानंतर प्राचार्य सरांनी तिला खोलीत बोलावलं आणि थंडपणे सांगितलं की तीन आठवड्यांनी शेवटची स्पर्धा आहे. तेव्हाही असंच करणार असशील तर आत्ताच नाव मागे घे.

म्हणून योग. म्हणून ध्यान. फोनवर रोज सकाळी एक बाई शिकवत. बाई पूर्वी परिचारिका होत्या आणि त्यांचा आवाज असा होता, की इंजेक्शनसुद्धा गोड लागावं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तोफेचा माइक बंद केला, आणि तो पुन्हा कधी चालू केला नाही.

पहिल्या आठवड्यात तोफ वृक्षासनात उभी राहिली आणि कपाटावर कोसळली. दुसऱ्या आठवड्यात ती शवासनात इतकी पक्की झोपली, की तिचं घोरणं ऐकून आईला वाटलं मिक्सर चालू राहिला. ध्यानाला बसली की डोळे मिटताच मनात कोर्ट भरायचं, दोन्ही बाजूंनी तीच बोलायची आणि दर वेळी अपिलात जायची. बाई म्हणत, काही हरकत नाही, नुसतं बघा. वर्षानुवर्षं बसणाऱ्यांना कधीतरी अंगात शीतलता जाणवते, क्वचित सुगंध येतो, फार भाग्य असेल तर नाद ऐकू येतो. पण त्याची वाट बघायची नाही. तोफ अर्थातच दुसऱ्या दिवसापासून वाट बघत होती.

एकोणिसाव्या दिवशी बाबा नेहमीसारखे कोपऱ्यावरच्या आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेले. आईचीही कामावर निघायची घाई होती. तोफेच्या खोलीला लागूनच न्हाणीघर, तिथे आईने कपड्यांचं मशीन लावलं होतं. जाताजाता तिने डोकावून सांगितलं, की मशीनचा पाइप मोरीत नीट बसत नाहीये, पाणी सुटायच्या वेळी जरा बघ. तोफेने पडदे ओढले होते, कानांवर हेडफोन चढवले होते, डोळे मिटले होते. तिने प्रसन्नपणे मान डोलावली. ती मान खरं तर बाईंना होती. बाई म्हणत होत्या, "पुढची वीस मिनिटं डोळे उघडायचे नाहीत. जे होतंय ते होऊ द्या."

आणि व्हायला लागलं.

आधी पाठीच्या कण्याच्या अगदी तळाशी एक गार बिंदू उमटला. तोफेने श्वास रोखला. बिंदूचा ठिपका झाला, ठिपक्याची वाटी झाली, आणि मग ती शीतलता मांड्यांवर पसरली. लोकांना वर्षं लागतात, आपल्याला एकोणीस दिवस पुरले! अभिमान बरा नव्हे, हे कळत असूनही तिला तो आवरेना.

थोड्याच वेळात सुगंध आला. लिंबासारखा, स्वच्छ, ताजा. तोफेच्या पापण्या भरून आल्या. तिला सगळ्यांविषयी माया वाटू लागली, त्या खिडकीवाल्या न्यायाधीशांविषयीसुद्धा. आणि ती अशी विरघळत असतानाच कुठून तरी खूप दुरून नाद ऐकू आला. धम्म. धम्म. धम्म. मग एक बारीक घंटा. मग पुन्हा धम्म.

तो नाद खालच्या मजल्यावरचे टेलरकाका दोन्ही मुठींनी दार बडवून काढत होते.

मशीनचा पाइप मोरीतून उसळून उंबऱ्यावर पडला होता. आईच्या नव्या निळ्या जीन्सचं सगळं पाणी लिंबाच्या वासाच्या साबणासकट तोफेच्या खोलीत शिरलं होतं आणि तिथून भिंतीकडेच्या भेगेतून खाली टेलरकाकांच्या दुकानात टपकत होतं. बेल वाजवून, दार बडवूनही उत्तर येईना, तेव्हा काकांना भलतीच शंका आली. पाणी, वीज आणि आत एकटी पोरगी. त्यांनी जिन्यातलं मुख्य बटण पाडलं आणि धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून बाबांना किल्लीसकट आणलं. दोघे अंधाऱ्या खोलीत घोट्याएवढ्या फेसातून आले. तोफ मधोमध मांडी घालून बसली होती. तोंडावर हसू होतं आणि आजूबाजूला तिच्याच चपला तरंगत होत्या. बाबांनी घाबरून तिच्या तोंडावर टॉर्च मारला.

"प्रकाश," तोफ कुजबुजली. "दिसला."

"शुद्ध आहे का गं तुला?" बाबा ओरडले आणि त्यांनी तिचे हेडफोन ओढले.

तोफेने डोळे उघडले. समोर बाबा होते, त्यांची घड्याळं बघायची भिंगाची नळी अजून कपाळावर तशीच होती. शेजारी टेलरकाका, त्यांच्या हातात ओला, निळसर, कापूस भरलेला काहीतरी गोळा.

"हा ढग आहे," काका म्हणाले. "असे अकरा आहेत. शाळेच्या नाटकाचे. संध्याकाळी न्यायला येणारेत. सकाळी पांढरेशुभ्र होते."

मग काका बोलू लागले. त्या भेगेविषयी, शेजारधर्माविषयी, आजकालच्या पोरांविषयी, ढगांच्या शिवणीला लागलेल्या चार दिवसांविषयी. एरवी तोफेने तिसऱ्या शब्दाला उलट उत्तर दिलं असतं. पण खालून ओली, समोर ढग, बाजूला बाप, अशा अवस्थेत बाजू मांडायला काही नव्हतं. ती गप्प ऐकत राहिली. काका बोलून बोलून थकले, थांबले, आणि कोणी काहीच म्हणत नाही बघून स्वतःच ओशाळले. मग हळूच म्हणाले की भेग बुजवायची ठरली होती दोन्ही घरांनी मिळून, मीच टाळत होतो. आपण गप्प राहिलं की माणूस आपोआप कबुलीजबाब देतो, हे तोफेला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

तो सगळा दिवस ढग वाळवण्यात गेला. गच्चीवर दोऱ्या बांधल्या, अकरा ढग ओळीने टांगले. बाबांनी हेअर ड्रायर धरला, काकांनी इस्त्री फिरवली, आई निरोप मिळताच अर्धी रजा टाकून आली आणि आधी पोट धरून हसली. ओल्या कपड्यांतच तोफ चार तास गच्चीच्या वाऱ्यात कापूस पिंजत बसली. संध्याकाळपर्यंत ढग कोरडे झाले, पण पांढरे काही होईनात. नाटकाच्या बाई आल्या तेव्हा काकांनी मान खाली घातली. बाईंनी एक ढग उचलला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "अहो, हे तर खरंच पावसाचे दिसतायत! आम्ही पांढरे उगाच सांगितले होते." आणि त्या आनंदाने अकराच्या अकरा घेऊन गेल्या. टेलरकाकांनी त्या रात्री वर चहाला यायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी तोफेचा घसा धरला. तिसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन स्पर्धेच्या सकाळी, आवाज बसून नुसती कुजबुज उरली. नाव मागे घ्यायची वेळ निघून गेली होती. ती गळ्याला मफलर गुंडाळून उभी राहिली. न्यायाधीशबाईंनी प्रश्न विचारला. मध्ये बोलायची ताकदच नव्हती, म्हणून तिने तो पूर्ण होऊ दिला. गरम पाण्याचा घोट घेतला. मग सात शब्दांत उत्तर दिलं, तेही इतक्या हळू की अख्खं सभागृह पुढे वाकलं. असं तासभर चाललं. समोरचा वकील मात्र जोरजोरात बोलून दोनदा स्वतःच्याच विरोधात गेला.

तोफेचा पहिला नंबर आला. या वयात एवढा संयम मी पाहिला नाही, असं न्यायाधीशबाई म्हणाल्या. सरांचे डोळे पाणावले. त्यांनी माइक हातात घेऊन सगळ्या कॉलेजला सांगितलं, की ही किमया योगाची आणि ध्यानाची आहे, सोमवारपासून रोज सकाळी सात वाजता सर्वांना वर्ग सक्तीचा, आणि शिकवणार ही.

तोफ ताडकन उठली. खरं काय ते आत्ताच सांगून टाकायला हवं होतं. तिने तोंड उघडलं, मान ताणली, सगळा जोर लावला. फुस्स एवढाच आवाज निघाला.

सरांनी कौतुकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा," ते सभागृहाला म्हणाले, "अजूनही एक शब्द बोलत नाही."