चमच्या चोचीचा पाहुणा

पक्षी ओळखण्यात माझा हात धरणारं आमच्या अख्ख्या क्लबात कुणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो! आता दोनदा गफलत झाली, मान्य. एकदा बगळा म्हणून दाखवली ती प्लास्टिकची पिशवी निघाली, आणि एकदा घुबड म्हणून दाखवलं ते कुणाचं तरी वाळत घातलेलं स्वेटर. तेवढ्यावरून आमचे अध्यक्ष, म्हणजे दुर्बीणकाका, सगळ्यांसमोर म्हणाले, "तिसऱ्यांदा असं झालं ना, तर ग्रुपमधून नाव काढून टाकीन!"

म्हणून रविवारी ओहोटीच्या वेळी बायकोला घेऊन खाडीवर गेलो. आणि काय सांगू! चिखलात एक चिमणीएवढा पक्षी, चोचीचं टोक चमच्यासारखं पसरट. चमचचोच तुतवार! जगात अगदी मोजके उरलेत हो!

"अहो, चिखल लागलाय त्याच्या चोचीला," बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? तू आपले फोटो काढ!"

"त्याचे?"

"माझे! इतिहास घडतोय इथे!"

ग्रुपवर मेसेज टाकला. अर्ध्या तासात सगळा क्लब दुर्बिणी घेऊन हजर. नेमका पक्षी दाखवायला मी ऐटीत पुढे झालो आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलो. एक बूट गेला तो गेलाच.

"हलू नका!" दुर्बीणकाका दबक्या आवाजात खेकसले. "उडवाल त्याला!"

"हलायला पाय तर निघू दे, काका!"

तेवढ्यात तो पक्षी डबक्यापाशी गेला, चोच बुडवली, मान झटकली. चिखलाचा गोळा गळून पडला! खाली साधी, सरळ चोच. रोज थव्यांनी दिसतो तो आपला नेहमीचा तुतवार!

खिशात माझा फोन वाजला. ग्रुपमधून मला काढलं होतं. अहो, माणूस समोर उभा, तोंडाने सांगा ना!

घरी बादलीत पाय घालून चरफडत बसलो होतो. बायको फोटो बघत होती.

"अहो, हा तुमच्या मागे कोण आहे?"

मी पाहिलं आणि बादली कलंडली. मी वाकून पाय उपसतोय आणि माझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, धुतल्यासारख्या स्वच्छ चमच्या चोचीचा खरा तुतवार! प्रत्येक फोटोत!

"अगं, पाठव! काकांना पाठव आधी!"

"कधीच पाठवला. त्यांनी मला ग्रुपमध्ये घेतलंसुद्धा. उद्या सगळे परत जाणार आहेत."

"आणि मी?"

"तुम्हालाही बोलावलंय की. फक्त तिथेच, तसंच रुतून उभं राहायचं. पक्षी तुमच्या मागेच येतो, असं काकांचं म्हणणं आहे."

मी हो म्हणालो. नाहीतरी बूट तिथेच आहे.