रिकामं भांडं परत करू नये

सोलापूरला बदली झाली तेव्हा वेणीमाधवने पुण्याच्या घरात छाती ठोकून सांगितलं होतं, "वर्षभरात परत येतो की नाही बघ! तिथे जीव म्हणून रमवायचा नाही. एक गादी, एक कुकर आणि शेजाऱ्यांना लांबूनच नमस्कार!" लेकीची दहावी असल्यामुळे बायको, इंद्रायणी, पुण्यातच राहिली. ऑफिसातले मोठे साहेब परतीच्या बदलीची शिफारस करायला तयार होते. म्हणजे सगळं कसं अगदी बेतल्याप्रमाणे!

पण लांबून नमस्कार करायला शेजारीही लांब असावे लागतात. इथे समोरच्याच दारात सावित्रम्मा! गादी टेम्पोतून उतरते न उतरते तोच त्या स्टीलचा डबा घेऊन हजर. आत कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

"अहो, कशाला उगाच..."

"उगाच कसं? एकटं हाय म्हणून उपाशी निजायचं व्हय? खावा की वो!"

भाकरी फर्मास होती, पण हे वेणीमाधवने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. त्याने डबा घासला, पुसला आणि सहज इंद्रायणीला फोन लावला.

"रिकामा परत करतोयस? डोकं ठिकाणावर आहे ना! रिकामं भांडं परत करत नाहीत, एवढंही कळत नाही?"

मग त्याने डब्यात बिस्किटं घालून दिली. संध्याकाळी तोच डबा धपाट्यांनी भरून परत! माणूस बिस्किटांवर दिवस काढतोय, असा निकाल समोरच्या घरात लागला होता. वेणीमाधव इरेला पेटला आणि त्याने स्वतः पोहे केले. पोह्यांचा असा काही लगदा झाला, की त्यावर पोस्टाची पाकिटं चिकटवता आली असती! डब्यात आता गव्हाची खीर आली, तुपाची धार सोडलेली, आणि वर सावित्रम्मांचा निरोप: "पुन्यांदा गॅसजवळ जाऊ नका!"

"हे थांबणार कधी?" वेणीमाधव भिंतीला विचारू लागला. भिंत तरी काय सांगणार! असंच चाललं तर वर्षाअखेर त्याला दारातून बाहेर काढायला माणसं लागली असती. आणि माया जडली म्हणजे पाय निघत नाही, ही भीती वेगळीच.

शेवटी त्याला आई आठवली. घरात काहीच नसलं की ती शेजाऱ्यांच्या भांड्यात चिमूटभर साखर घालून द्यायची. वा! साखरेवर कोण काय उलट पाठवणार? फक्त चिमटीवर त्याचा भरवसा नव्हता. एकदाचं प्रकरण मिटावं म्हणून त्याने घरातली सगळी साखर डब्यात ओतली, अगदी काठोकाठ! सावित्रम्मा देवळात गेल्या होत्या. दारात त्यांचे यजमान चनबसप्पा भेटले. सुटकेच्या आनंदात वेणीमाधव तोंडभर हसून म्हणाला, "घ्या, तोंड गोड करा!"

झालं! संध्याकाळी बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या फुलाबाई दारात, हातात शिऱ्याचा डबा.

"लई बरं झालं साहेब! कवा येणार मंडळी?"

"कोण मंडळी?"

"लाजताव काय! डबाभर साखर कोण उगंच वाटतंय व्हय? पोरगी दहावीत, म्हंजे लगीन न्हाय. बढती असती तर सावित्रम्माच्या शिवूला आदी कळलं असतं. मग कुटुंबच येतंय की हितं कायमचं!"

"अहो, तसं काहीही नाही!"

"नजर लागंल म्हणून सांगत न्हाय व्हय? शाणं हाय तुमी!"

तो जितका नाही म्हणाला तितकी गल्लीची खात्री पटत गेली. झोपायच्या वेळेपर्यंत ओट्यावर सात डबे जमले होते, प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं.

फुलाबाई म्हणाल्या तो शिवू म्हणजे सावित्रम्मांचा पुतण्या, वेणीमाधवच्याच ऑफिसात कारकून. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी वेणीमाधवची पाठ थोपटली.

"छुपे रुस्तम निघालात! शिवू म्हणाला, कुटुंब इकडेच आणताय. पुण्यात तुमच्यासाठी ठेवलेली जागा मी दुसऱ्याला देऊन टाकली. सकाळीच मेल गेली!"

"साहेब, ती साखर... डबा रिकामा द्यायचा नव्हता म्हणून दिली हो!"

"कसला डबा?"

वेणीमाधवने सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. "बरं. आणि हे मी वर काय म्हणून कळवू?"

घरी येऊन त्याने इंद्रायणीला फोन केला. सात डब्यांपासून साहेबांच्या मेलपर्यंत सगळं सांगितलं. लेकीच्या परीक्षेच्या वेळी घरी असू, अशी त्याला फार आशा होती.

"असू दे," इंद्रायणी म्हणाली. "परीक्षा झाली की आम्हीच येतो तिकडे. पण त्या सात डब्यांचं काय केलंस?"

त्याने फोन ठेवला. आता सावित्रम्मांना चांगलं खडसावायचंच! त्याआधी अंगात जोर यावा म्हणून चहा टाकला, साखरेची बरणी उघडली, आणि बरणीत खडखडाट! सगळी साखर समोर! तरातरा जाऊन त्याने समोरचं दार ठोठावलं.

"सावित्रम्मा, तुमच्या त्या डब्यापायी..." तेवढ्यात मागून फसफस ऐकू आली. चहा उकळून उतू चालला होता. "...थोडी साखर मिळेल का?"

सावित्रम्मांचा चेहरा फुलला. त्याचीच साखर त्यांनी आपल्या वाटीत भरून त्याच्या हातात ठेवली.

"आता कसं, घरच्यावानी मागितलंत! वाटी सावकाश द्या. आणि त्यात काय घालूनबिलून देऊ नका. रिकामी दिली तरी चालतंय. घरच्या माणसाचं कोण बघतंय?"

वेणीमाधवने मोकळ्या हाताने कपाळ बडवलं.

"मग हे आदी सांगायचं की वो!"